सोनू, फोन उचल

सोनू,

काल फोनवर मी जरा जास्तच बोलले, तू खाडकन ठेवलास, तेव्हापासून हे टाइप करत बसलेय. बाबा म्हणतात जाऊ दे, २४ वर्षांचा पोरगा, पुण्यात नोकरी करतो, एक बिअर प्यायला तर काय झालं. मला बिअरचं काही नाहीये. फक्त एवढं सांग, रविवारी अकरा वाजेपर्यंत फोन का नाही उचललास?

तू बायबलातलं काना गावचं लग्न काढलंस, येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ते. बरोबर आहे, सहा रांजण काठोकाठ, आणि प्रभूने त्यात काही लिंबू सरबत केलं नव्हतं. प्रेषित पौल पण पत्रात तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो. एवढं सगळं तुझ्या लक्षात आहे बघून चिडलेली असूनही बरं वाटलं मला. पण तोच पौल इफिसकरांना सांगतो, पिऊन मस्त होऊ नका, आणि रोमकरांना, की आपल्या पिण्याने भाऊ अडखळत असेल तर न प्यालेलंच बरं. ते पण वाच ना! बघ, लेक्चर सुरू झालं माझं. सॉरी.

आपल्या मेथडिस्ट पंथात संस्थापक वेस्लीने १७४३ च्या नियमांतच कडक दारू नको लिहून ठेवलंय. आणि आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला पण वाइन नाही, न आंबलेला रस. आजी काळ्या मनुका रात्री भिजवायची, सकाळी उकळून पंच्यातून गाळायची, आणि चोथा तू साखर घालून खायचास. मग तसेच जांभळे ओठ घेऊन फतेगंजच्या चर्चपर्यंत स्कूटरवर माझ्यापुढे उभा. चर्चमध्ये ते इवले इवले ग्लास मामा तुझ्याकडून मोजून घ्यायचा, आठवतं?

मामाला तर तुझ्यापेक्षा जास्त वचनं पाठ होती. गुजरातेत १९६० पासून, म्हणजे राज्य झाल्यापासूनच दारूबंदी, पण त्याला मिळायचीच. तो पण म्हणायचा, ताई, फक्त शनिवारी गं. आणि रविवारी फोन उचलायचा नाही.

हे लिहायचं नव्हतं मला. तू मामा नाहीस, माहितीये. बाबांनी तुझं अपॉइंटमेंट लेटर लॅमिनेट करून आणलंय, पाहुण्यांना चहाच्या आधी ते दाखवतात.

उद्या महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, मनुका भिजत घातल्यात, आता मीच करते. सव्वादहाला चर्च सुटलं की फोन करीन.

आई