दुसरी वेलांटी

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. हा शब्द लिहिताना ‘शी’ला दुसरी वेलांटी दिली की मला आजही बरं वाटतं. आमच्या प्रेसमध्ये छापायला येणाऱ्या मजकुरात तो बहुतेक वेळा ‘आशिर्वाद’ असा येतो आणि गेली 25 वर्षं मी तो दुरुस्त करत आलेय.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण तू ‘हो आई, कळलं’ म्हणशील, जेवलीस का विचारशील आणि विषय तिथेच संपेल. म्हणून लिहिते.

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर तुझ्या नानाकाकांनी लिहिलं होतं, ‘उद्या डाव्या कालव्याला पानी सुटनार. मोटारी काडून ठेवा.’ त्याखाली तू लिहिलंस, ‘नाना, पाणी. सुटणार. काढून.’ तीनच शब्द. त्याखाली तुझ्या चुलत भावंडांची हसरी तोंडं. त्या दिवसापासून नानांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही. सांगायचं असेल ते आता बोलून पाठवतात. काल पाठवलेलं मी ऐकलं. मागे मोटारीचा आवाज होता, वारा होता, आणि नाना दोनदा म्हणत होते, ‘आयकू येतंय ना समद्यांना?’

मला राग आला तो तुझ्यापेक्षा माझा जास्त आला, कारण ही नजर तुला मीच दिली. तिसरीत होतास तेव्हा शाळा सुटली की प्रेसमध्ये यायचास, कागदाच्या रिमांवर बसायचास आणि मी तुला जुनी प्रूफं द्यायचे. एका चुकीला एक लिमलेटची गोळी. तू भराभर चुका शोधायचास आणि मला केवढा अभिमान वाटायचा. त्या गोळ्या देताना निम्मीच गोष्ट तुला शिकवली.

चुका मला खटकत नाहीत असं अजिबात नाही. चौकातल्या फ्लेक्सवर हातभर उंचीच्या अक्षरांत ‘हार्दीक शूभेच्छा’ दिसलं की माझा दिवस बिघडतो. ‘श्रध्दांजली’ तर सगळीकडेच. त्या जोडाक्षरात आधी द आहे, मग ध. शुद्ध, बुद्धी, सुद्धा, सगळीकडे तसंच. पण ध त्या द च्या पोटाशी लोंबतो, म्हणून लोकांना तो आधी आहे असं वाटतं, आणि ‘शुद्धलेखन’ हा शब्दच अशुद्ध लिहिला जातो.

‘महत्व’ लिहिणाऱ्याला मी नेहमी शब्द सोडवून दाखवते. महत् आणि त्व. एक त पहिल्याचा, एक दुसऱ्याचा, म्हणून महत्त्व. तत् आणि त्व, तत्त्व. व्यक्तिमत् आणि त्व, व्यक्तिमत्त्व. पण नेतृ आणि त्व झालं तर नेतृत्व, तिथे दुसरा त आणायचा कुठून? एकदा शब्द असा उकलून बघितला की माणूस सहसा पुन्हा चुकत नाही. ‘घेवून’, ‘येवून’, ‘जावून’चंही तसंच आहे. मूळ धातूत व आहे का एवढंच बघायचं. ठेव, जेव, धाव यांत आहे, म्हणून ठेवून, जेवून, धावून. घे, ये, जा यांत नाही, म्हणून घेऊन, येऊन, जाऊन. ‘घेवून’ लिहिणारे पुष्कळ लोक नेमकं ‘ठेऊन’ लिहितात, याचं मला फार नवल वाटतं.

आणि तो ऱ्य. ‘आचार्यांना दक्षिणा द्या’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा द्या’ यांत पैसे वेगवेगळ्या माणसाच्या हातात पडतात. पहिल्यात विद्या देणारे, दुसऱ्यात स्वयंपाक करणारे. एवढं बारीक काम करणारी खूण आपल्या लिपीत आहे आणि मोबाइलवर सापडत नाही म्हणून लोक ती सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. जाहिरातींतलं ‘माझी मदत करा’ तर सरळ हिंदीतून उचललेलं. मराठीत ‘मला मदत करा’.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगते. प्रेसमध्ये लागून मला दोनच महिने झाले होते. एका शाळेची ध्वजवंदनाची निमंत्रणं होती, 300 प्रती. मी प्रूफ दोनदा वाचलं, खालच्या बारीक अक्षरांतली तारीख, वेळ, स्थळ सगळं तपासलं. छापून झालं, गठ्ठा बांधून गेला. वर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘स्वातंत्र्य दीन’. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. मोठ्या अक्षरांतली चूक डोळ्याला दिसत नाही, कारण ते आपण वाचतच नाही, ते तिथे असणारच असं धरून चालतो. तेव्हापासून मी मथळा शेवटी वाचते, आणि तोही उलटा, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे.

त्या शाळेचे हेडमास्तर स्वतः आले. मालक समोरच बसले होते. ते मालकांशी दुसरंच काहीबाही बोलले, मग माझ्या टेबलापाशी येऊन घडी घातलेला कागद ठेवला आणि हळूच म्हणाले, ‘पोरी, दुसरी वेलांटी आहे, पहिली कर.’ आणि गेले. कागद उघडला तर त्या ‘दी’भोवती लाल पेन्सिलीचं छोटं वर्तुळ. मालकांना मी स्वतःच सांगितलं. कागदाचे पैसे पगारातून गेले, ते जायलाच हवे होते. पण त्या कागदाची घडी मी विसरले नाही.

नानांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. ‘दीन’ ही माझी चूक होती, कारण मी त्या कामाचे पैसे घेत होते. नानांचं ‘पानी’ ही चूक नाही. ते त्यांच्या आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं बोलणं आहे. तू लहान असताना तिच्याकडे ‘पानी’च मागायचास.

आणि आपले नियम सोपे आहेत असं समजू नकोस. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 साली सरकारने मान्य केले, 1972 साली आणखी 4 आले. माझ्या वडिलांनी 1959 साली घरी लिहिलेलं एक पत्र माझ्या पेटीत आहे. त्यात घरांत, पांच, कांहीं, नाहीं, सगळीकडे टिंबं. तेव्हा ते शुद्ध होतं. ती टिंबं न देता लिहिलं तर मास्तर छडी मारायचे म्हणे. तीच टिंबं पुढे चूक ठरली, आणि वडिलांना हात बदलायला फार दिवस लागले.

जे नियम राहिले त्यांतही बघ. विहीर, कापूर दीर्घ. मंदिर, मधुर ह्रस्व. का? तर मंदिर आणि मधुर संस्कृतातून जसेच्या तसे आले म्हणून. गरीब, पण गरिबाला. शरीर, पण शरीराला. का? पुन्हा तेच. म्हणजे कुठला शब्द संस्कृत हे ज्याला ठाऊक, त्याची वेलांटी बरोबर येणार. ज्याच्या घरात पोथ्या होत्या, त्याला ते कानावरून येतं. नाना सातवीत शाळा सोडून शेतात गेले, तुझे बाबा शिकावेत म्हणून. त्यांना ते कुणी सांगायचं? मला स्वतःला हा नियम अन्यायाचा वाटतो, आणि तरी छापताना मी तो पाळते, कारण छापलेलं सगळ्यांसाठी असतं आणि वाचणाऱ्याला अडखळायला होऊ नये.

तेव्हा फ्लेक्सवाल्याला जरूर सांग, वर्तमानपत्राला पत्र लिही, तुझ्या ऑफिसातल्या मराठी परिपत्रकातला ‘अधिक्षक’ खोडून ‘अधीक्षक’ कर. माझंही काही चुकलं तर सांग, या पत्रातलं सुद्धा.

नानांना रविवारी फोन कर. रात्री नको, सध्या शेतातल्या मोटारीला रात्रीची लाइट आहे आणि ते पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जातात. सकाळी दहाच्या सुमाराला घरी असतात. माफी मागत बसू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. हरभऱ्याला पाणी पुरलं का, एवढं विचार. आणि मग एखाद्या दिवशी ग्रुपवर तूच लिही, ‘नाना, कालव्याची पुढची पाळी कधी?’

ते लिहून उत्तर देतात का, ते मी बघतेय.

तुझी,
आई