आत्याच्या आधी तुम्हाला

पासाडेना, कॅलिफोर्निया
6 जुलै

ती. बाबा व ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बसलं की आजी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्या एकाच चौकटीत असतात, आणि मला जे सांगायचंय ते मधे कुणी "जेवलास का?" न विचारता एका दमात सांगायचंय. मित्र परवा पुण्याला निघालाय, त्याच्या बॅगेत हे देतोय. सोबत बदाम, बाबांच्या गुडघ्याचा पट्टा आणि आजीचे मोजे. पट्टा झोपताना काढायचा असतो.

आई, मी वाळलेलो नाही. त्या दिवशी कॅमेरा वरून धरला होता म्हणून तसं दिसलं. खोकला एप्रिलमध्येच गेला. नोकरकपातीच्या बातम्या टीव्हीवर बघून रात्र रात्र जागू नका. नोकरी गेलीच तर माझ्या व्हिसावर नवी शोधायला 60 दिवसांपर्यंत मिळतात, आणि मी त्या दिवसांसाठी पैसे बाजूला ठेवलेत. पण तशी वेळ आलेली नाही, हे पुन्हा सांगतो.

परवा 4 जुलै झाली. इथल्या मिरवणुकीची गंमत सांगायची राहिलीय, आणि ती नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमच्या शेजारच्या गावात सकाळी बँड, शाळेची मुलं, अग्निशमनाच्या गाड्या अशी मिरवणूक निघते. बघायला माणसं दहाला येतात, पण त्यांच्या खुर्च्या आदल्या संध्याकाळीच येतात. घडीच्या खुर्च्या फुटपाथच्या कडेला ओळीने मांडायच्या, कुणी नुसती चादर अंथरून चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावायची, आणि घरी जाऊन झोपायचं. राखण कुणीच करत नाही. मी रात्री दहाला मुद्दाम फिरून आलो. रस्ता सामसूम आणि शंभरेक रिकाम्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या. सकाळी ज्याची त्याची खुर्ची जिथल्या तिथे. मी बरोबरच्यांना सांगितलं की आमच्याकडे वाईच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, पण रुमालामागे माणूस धावत यावा लागतो, नाहीतर भांडण ठरलेलं. त्यांना ते फार आवडलं. मला मात्र त्या खुर्च्या बघून दुसरंच आठवत होतं. माझीही एक खुर्ची या देशात 2018 पासून मांडलेली आहे.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता, "तुझा नंबर कुठवर आला?" आणि मी "चाललंय" म्हणतो. आज नीट लिहितो. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, वर्षाला साधारण 1,40,000. कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण सात टक्के. मग तो देश भारताएवढा असो की भूतानएवढा. आपल्याकडून अर्ज भरमसाट, म्हणून आपली रांग सगळ्यात लांब. दर महिन्याला तारखांचं पत्रक निघतं, कधीपर्यंतच्या अर्जांचा नंबर आला ते सांगणारं. कधी तारीख पुढे सरकते, कधी मागेही जाते. माझी 2018 ची, ती अजून फार दूर आहे. आणि यात पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या महिन्यात आम्ही इथे एक जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहिला. 'होल्ड बॅक द डॉन', 1941 चा. आई, तुला 'गॉन विथ द विंड'मधली शांत चेहऱ्याची मेलनी आठवते ना? तीच, ऑलिव्हिया डी हॅविलंड. या कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि बक्षीस नेलं तिच्या सख्ख्या बहिणीने, जोन फाँटेनने. गोष्ट अशी. रुमानियातला एक माणूस मेक्सिकोच्या सीमेवर अडकलाय. त्याच्या देशाचा कोटा भरलेला, थांबायचं तर आठ वर्षांपर्यंत. हॉटेलचं नाव एस्पेरान्सा, म्हणजे आशा, आणि त्यात सगळे असेच वाट बघणारे. त्याची जुनी जोडीदारीण त्याला सांगते, अमेरिकन माणसाशी लग्न कर, मग कागद मिळाल्यावर सोडून दे, मी तेच केलं. तेवढ्यात कॅलिफोर्नियातली एक शिक्षिका शाळेच्या मुलांना घेऊन सहलीला येते. तिची गाडी बिघडते, आणि हा गोड बोलून बघता बघता तिला लग्नाला उभी करतो. ती अझूसा गावची. अझूसा माझ्या घरापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. पडद्यावर ते नाव आलं तेव्हा मी खुर्चीत सरळ झालो.

पुढे तो खरोखरच तिच्या प्रेमात पडतो, आणि तिथून सिनेमा अवघड होतो. कारण आता तो खरं बोलला तरी त्यावर विश्वास कुणी ठेवायचा? आणि खरं तिला कळतं, पण त्याच्याकडून नाही, त्या जुन्या मैत्रिणीकडून. त्यानंतर सरकारी अधिकारी तिला विचारायला येतो, तेव्हा ती त्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. मन मोडलेलं असताना, शांतपणे. मला ते बघवेना.

सिनेमा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक बिली वाइल्डर. तो 1934 साली स्वतः मेक्सिकालीला व्हिसासाठी थांबला होता. त्याने एक प्रसंग लिहिला होता की नायक खोलीतल्या झुरळाला अडवून त्याचे कागद मागतो. मुख्य नट म्हणाला, मी झुरळाशी बोलणार नाही, आणि तो प्रसंग गेला. वाइल्डरला त्याचा राग शेवटपर्यंत होता. मला तो राग कळतो. तो इकडे आला, मोठा झाला, पण त्याची आई तिकडे युरोपातच राहिली आणि नाझींच्या हातून गेली. हे मी घरी आल्यावर वाचलं आणि त्या रात्री तुम्हाला अवेळी फोन केला होता. "काही नाही, सहज" म्हटलं होतं, तो हा फोन. बाबा, तुमच्या इतिहासासाठी एक: हा सिनेमा आला तेव्हा आपल्या माणसांना या रांगेत उभं राहायचीही परवानगी नव्हती. 1946 च्या कायद्याने ती मिळाली, तीसुद्धा वर्षाला फक्त 100 जणांना.

आता मुद्दा. आत्याने न्यू जर्सीचं स्थळ आणलंय, मुलगी तिथली नागरिक आहे, "कागदांचा प्रश्न एका फटक्यात मिटेल" असं ती म्हणाली. आत्याचं प्रेम मला कळतं, पण नको म्हणून कळवा. त्या मुलीला मी ओळखत नाही, आणि आत्याने तिच्याबद्दल पहिली गोष्ट सांगितली ती तिच्या पासपोर्टची.

मी लग्न ठरवलंय. "आम्ही" सिनेमाला गेलो असं वर लिहिलं ती तीच. नाव, शिक्षण, घरच्यांचे फोन सोबतच्या वेगळ्या कागदावर आहेत. आडनाव वाचून आत्या काय म्हणेल ते मला माहीत आहे, तुम्ही काय म्हणाल तेवढं मात्र माहीत नाही. मूळ घर रत्नागिरीकडचं. पासपोर्ट आपलाच, ती माझ्यासारखीच नोकरीच्या व्हिसावर आहे. गेली दोन वर्षं आम्ही एकमेकांना ओळखतो. मी हे लपवलं, याबद्दल आई, तू रागवलीस तर मी ऐकून घेईन.

पण तिचा जन्म मस्कतचा आहे. तिचे बाबा तिथे नोकरीला होते, ती दहा वर्षांची झाल्यावर सगळे पुण्याला परतले. आणि इथला नियम असा की नवरा-बायकोंपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाच्या रांगेतून दोघांचा अर्ज जातो. म्हणजे तिच्याशी लग्न केलं की माझी कित्येक वर्षांची वाट जवळपास संपते.

हे तुम्हाला उद्या कुणीतरी सांगेलच. "बघा, मुलाने बरोबर मस्कतची शोधली." म्हणून मीच सांगतो. आणि एक आणखी सांगतो, जे कुणालाच कळलं नसतं. तिने पहिल्यांदा मस्कतच्या शाळेची गोष्ट सांगितली तेव्हा माझ्या मनात आधी रांग आली, शाळा नंतर. त्याची लाज मला अजून वाटते. मी तिच्यात गुंतलो तो त्याच्या आधीच, पण हे सिद्ध कसं करायचं?

सिनेमा सुटल्यावर गाडीत बसून मी तिला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तारीख तुझी 2018 ची. माझ्या कंपनीने तर फाईलसुद्धा उघडलेली नाही. तुझ्या तारखेने माझंही काम होतंय. मग मीही कागदासाठीच करतेय का?" त्यानंतर दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला: "तुझ्या घरी हे तू स्वतः लिही. तुझ्या आईला बाहेरून कळता कामा नये." म्हणून हे पत्र.

वकील म्हणतो, लगेच इथे नोंदणी करा, एक-एक महिना मोलाचा आहे. आम्ही दोघांनी नाही म्हटलं. आधी वाईला लग्न, आजीच्या समोर, मग कागद. डिसेंबरमध्ये यायचं ठरवतोय. परत येताना पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागेल आणि त्याला वेळ लागू शकतो, पण या वेळी मी त्यासाठी थांबणार नाही. 2022 ला आबा गेले तेव्हा त्या शिक्क्यासाठी तारीख मिळत नाही म्हणून मी इथे बसून राहिलो, आणि दहावं फोनच्या पडद्यावर पाहिलं. बाबा, तुम्ही एकट्याने घाटावर उभे होतात. त्याबद्दल तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोलायला हवं होतं.

पैशांचं: मे महिन्यात पाठवू शकलो नाही, कारण घर बदललं आणि अनामत भरावी लागली. स्लॅबसाठी दीड लाख पुढच्या आठवड्यात तुमच्या खात्यात येतील, गळती वाढायच्या आत माणूस बोलवा. लग्नासाठी कर्ज काढायचं नाही आणि सोसायटीतली ठेवही मोडायची नाही. खर्च आम्ही दोघं करणार, तिने हे मला बजावून सांगितलंय. कार्यालय लहान चाललं तर चालेल. दागिन्यांचं तिच्या आईशी तू बोल, मला त्यातलं कळत नाही.

वाचून झाल्यावर लगेच फोन केला नाहीत तरी चालेल. पण आजीला वाचून दाखवाल तेव्हा मस्कतचा भागही वाचा, गाळू नका. तिच्या आईबाबांना मी तुमचा नंबर दिलाय, ते रविवारी फोन करतील. बाबा, तुम्ही उचला.

आजीला साष्टांग नमस्कार. ताईला नमस्कार आणि छोटूला आशीर्वाद.

तुमचा,
बाळ्या

ता. क. : तिला पुरणपोळी येत नाही, पण उकडीचे मोदक माझ्यापेक्षा खूप चांगले येतात. हे आजीला आधी सांगा.