हृदयाला घातक औषधांची माहिती काउंटरपर्यंत यावी

महोदय,

मी सांगलीत अनेक वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. गेल्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण देवपूजा करताना चक्कर येऊन पडली. मिरजेला ईसीजी काढला, तेव्हा त्यात क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्याची विद्युतक्रिया सुरू होऊन हृदय पूर्वस्थितीत यायला लागणारा वेळ, बरेच वाढलेले दिसले आणि डॉक्टरांनी तिची औषधांची पिशवी मागवली. तीत पित्तासाठीची डोम्पेरिडोनयुक्त कॅप्सूल होती, जी ती वर्षभर चिठ्ठीशिवाय दुकानातून आणत होती. आणि गजकर्णासाठी नव्याने सुरू झालेले बुरशीनाशक इट्राकोनॅझोल. दोन्ही थांबवल्यावर आलेख हळूहळू पूर्ववत झाला.

ही जोडी एकत्र देऊ नये, हे औषधशास्त्राला नवीन नाही. ॲलर्जीवरील टर्फेनाडिन बुरशीनाशक कीटोकोनॅझोलबरोबर घेतलेल्या एका स्त्रीच्या हृदयाचा ताल गंभीरपणे बिघडल्याचा वृत्तांत १९९० मध्येच प्रसिद्ध झाला होता. यकृतातील जे विकर (एन्झाइम) टर्फेनाडिनचे निरुपद्रवी रूपांतर करते, तेच बुरशीनाशकाने अडवले, मूळ औषध रक्तात साचले आणि प्रत्येक ठोक्यानंतर पोटॅशियम बाहेर सोडून हृदयाच्या पेशीला पूर्वस्थितीत आणणारी, पेशीच्या आवरणातील ‘हर्ग’ नावाची वाहिनी (सूक्ष्म मार्ग) त्याने बंद पाडली. बहिणीच्या बाबतीतही वाट हीच होती, औषधे तेवढी वेगळी. हीच वाहिनी अडवत असल्याने छातीतील जळजळीवरील सिसाप्राइड हे औषध २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले. आपल्याकडे त्यावर बंदी यायला २०११ उजाडले.

या अनुभवांतून २००५ मध्ये नव्या औषधांचा हृदयाला असलेला हा धोका तपासण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ठरली. आज नवे संयुग माणसाला देण्याआधी हर्ग वाहिनी असलेल्या पेशींवर तपासतात. केसाहूनही बारीक टोकाची काचेची नळी पेशीला चिकटवून तिच्यातील सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजण्याच्या या तंत्रासाठी नेहेर आणि साकमान या शास्त्रज्ञांना १९९१ चे नोबेल मिळाले. पण एकट्या हर्गवर निकाल देता येत नाही: रक्तदाबावरील व्हेरापामिल हे औषध ही वाहिनी अडवते, तरी कॅल्शियमची वाहिनीही अडवत असल्याने ताल सहसा बिघडवत नाही. म्हणून आता अनेक वाहिन्या आणि मूलपेशींपासून (स्टेम सेल) बनवलेल्या हृदयपेशीही तपासल्या जातात.

एवढ्या कष्टाने मिळालेले ज्ञान औषधाच्या माहितीपत्रकातील बारीक इंग्रजी अक्षरांत अडकून पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. डोम्पेरिडोन चिठ्ठीशिवाय विकू नये, हा नियम आहेच. अन्न व औषध प्रशासनाने आपल्या जिल्ह्यात तो कसोशीने पाळून घ्यावा. शिवाय बहुतेक दुकानांत बिल संगणकावर होते. एकाच बिलात अशी जोडी आली की पडद्यावर इशारा दिसेल, एवढी सोय औषध विक्रेत्यांच्या संघटनेने करून घ्यावी, आणि दुकानदाराने ‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हे विचारल्याशिवाय बुरशीनाशक देऊ नये. माझ्या बहिणीने दोन औषधे दोन वेगळ्या दुकानांतून घेतली होती. तिथे संगणक नव्हे, हा प्रश्नच उपयोगी पडला असता.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही करता येते. बहिणीची नोंद आम्ही तिथे केली आहे.

— एक निवृत्त प्राध्यापक, विश्रामबाग, सांगली