हाड जुळलं, आता हात मोकळा कर

सांगली
श्रावण

प्रिय सुमे,

तुझं पत्र आलं. अक्षर सूनबाईचं असलं तरी वाक्यन् वाक्य तुझं होतं. मोडलेल्या उजव्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं, फोटोत हाड छान जुळलेलं दिसतंय असं डॉक्टर म्हणाले, आणि तरी तू लिहितेस की हात आपला वाटत नाही. तळवा उताणा होत नाही, तीर्थ घ्यायला डावा हात पुढे करणं बरं वाटत नाही, म्हणून तू देवळात जाणंच सोडलंस. हे वाचून जीव तुटला गं. आणि त्याच्याच खाली आहे की हलवला तर पुन्हा मोडेल या धास्तीने तू दिवसभर हात पदराखाली घेऊन बसतेस. मला त्या धास्तीबद्दलच लिहायचंय. फोनवर सांगून भागलं नसतं. तू जन्मभर गणित शिकवलंस, कारण पटल्याशिवाय तू कुणाचं उत्तर मान्य करायची नाहीस.

आधी मोडलं काय ते बघ. तुझा धड असलेला डावा हात समोर धर, तळवा वर. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. पुस्तकांत त्यांना बहिःप्रकोष्ठास्थी आणि अंतःप्रकोष्ठास्थी म्हणतात, पण दवाखान्यात तुझ्या कानावर हीच नावं पडतील. कोपराचं टोक म्हणजे अल्ना. तिथून बोट फिरवत खाली आलीस तर कातडीखाली ती थेट मनगटापर्यंत हाताला लागते. आता तळवा सावकाश पालथा कर. अल्ना जवळजवळ जागची हलत नाही. रेडियस मात्र तिच्यावरून आडवं होऊन पलीकडे जातं. वरच्या टोकाला त्याचा गोल माथा अस्थिबंधाच्या कड्यात बसलेला असतो आणि तिथल्या तिथे फिरतो, खालचं टोक अल्नाभोवती वळसा घेतं. हा खिळीचा सांधा. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांत असाच सांधा आहे, त्याच्यामुळे आपण मान हलवून ‘नाही’ म्हणतो. इतकी वर्षं शिकवूनही हे वळण दाखवताना मला दर वेळी आनंद व्हायचा. कुलपात किल्ली फिरवणं, ओंजळ धरणं, घास तोंडाशी नेणं, सगळं या एका वळणावर चालतं.

शेवाळावरून पाय सटकला तेव्हा तू हात टेकलास. कुणीही टेकतं, ते आपोआप होतं. अंगाचा सगळा भार तळहातावर आला, मनगटातल्या आठ लहान हाडांतून तो रेडियसच्या खालच्या रुंद टोकावर गेला. तिथलं हाड आतून जाळीदार असतं, वरचं कवच पातळ. ते सांध्यापासून जेमतेम इंचभरावर मोडलं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यवैद्याने 1814 साली या मोडीचं वर्णन लिहिलं, म्हणून तुझ्या कागदावर त्याचं नाव आहे. क्ष-किरण सापडायला तेव्हा 81 वर्षं होती. माणूस नुसता बाहेरून बघून आणि बोटांनी चाचपून हे सांगत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे 1895 च्या डिसेंबरात राँटगेनने क्ष-किरणांखाली आपल्या बायकोचा हात धरला, आणि जगाने जिवंत माणसाची हाडं पाहिली ती अशी, बोटातल्या अंगठीसकट.

तर तीर्थाचं. तळवा उताणा व्हायचा तर रेडियसचं खालचं टोक अल्नाभोवती मोकळं फिरायला हवं, आणि ते फिरण्याचं ठिकाण मोडीला अगदी लागून आहे. इतके आठवडे ते एकाच अवस्थेत बांधलेलं होतं. सांध्याभोवतीचं वेष्टन आखडलं, अस्थिबंध ताठरले. हाडाने आपलं काम केलंय, अडलंय ते सांध्याच्या पाशी. उताणं होणं पुष्कळांना सगळ्यात उशिरा परत मिळतं, तू काही वेगळी नाहीस.

‘पुन्हा मोडेल’ ही भीती हाड म्हणजे एक वाळकी काठी, असं समजण्यातून येते. वर्गात मुलांच्या हातात पांढरं कोरडं हाड दिलं की मी लगेच सांगायचे, हे हाड नव्हे, हे हाडाचं उरलेलं. जिवंत हाड ओलं असतं, त्यातून रक्त खेळतं. त्यात एका जातीच्या पेशी जुनं हाड झिजवत असतात आणि दुसऱ्या जातीच्या नवं भरत असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी असा नवा होतो. त्यात साधारण दोन तृतीयांश खनिज, उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे धागे. खनिजामुळे हाड कठीण, धाग्यांमुळे चिवट. हाड बरेच दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं तर खनिज विरघळतं आणि ते हाताने वाकवता येतं.

मोडल्यावर आधी तिथे रक्ताची गाठ धरते. दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधणी तयार होते, मग तिच्यात चुना भरत जातो आणि ती कडक होते. नंतर महिनोन्महिने त्या जागेला घडवणं चालू राहतं, जादा भरलेलं झिजवलं जातं, कमी असेल तिथे भर पडते. कातडी कापली तर व्रण राहतो. हाड जुळतं ते हाडानेच. मला शरीरातली ही सगळ्यात उदार गोष्ट वाटते.

पण हे घडवणं कुठल्या अंदाजाने होतं? भाराच्या. बर्लिनच्या यूलियस वोल्फने 1892 साली हे मांडलं, की हाडावर जसा भार येतो तसं ते आपली आतली रचना बदलतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड होतं. उलट अंतराळात महिनोन्महिने राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडातलं खनिज महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटतं, कारण तिथे अंगाचं वजनच नाही. पदराखाली ठेवलेल्या हाताला काम नाही, म्हणून भरही नाही. सांध्याचं तर आणखी पुढचं आहे. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणावर ती जगते, आणि ते वंगण तिच्यात आत-बाहेर होतं ते हालचालीनेच. सांधा थांबला की कूर्चा उपाशी. सुमे, जपून ठेवल्याने तुझा हात वाचत नाहीये.

तुला आवडेल असं एक सांगते. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या उपचाराचा अध्याय आहे. तळहाताचं हाड मोडलं असेल तर ते जुळल्यावर रोग्याने आधी हातात मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आलं की दगड, असं तिथे सांगितलंय. आज फिजिओथेरपिस्ट आधी मऊ गोळा देतात, मग कडक चेंडू, मग वजन. सुश्रुताने हाडं 300 मोजली आणि आज आपण 206 मानतो, त्यावर पुष्कळ वाद घालता येतो (तो दात आणि कूर्चाही धरतो). पण दुखावलेल्या हाताला पायरीपायरीने काम द्यायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गणपती जवळ आलेत, बाजारात शाडूची माती आली असेल. गोळाभर आणव.

आता करायचं काय. तुझ्या डॉक्टरांनी हात हलवायला मोकळीक दिलीच आहे, तरी वजन कधी उचलायचं ते त्यांना विचारूनच. पातेलंभर कोमट पाण्यात हात थोडा वेळ ठेव. मग कोपर कुशीला घट्ट लावून काटकोनात धर, नाहीतर खांदा मधे पडतो आणि तळवा फिरल्याचा नुसता भास होतो. सावकाश उताणा, सावकाश पालथा. जिथे ताण लागेल तिथे दहापर्यंत मोजून थांब. दोन दिवस जमलं की मुठीत लाटणं उभं धर आणि त्याच्या वजनाने हात बाहेरच्या बाजूला कलू दे. ताण लागेल, थोडं दुखेलही, पण थांबल्यावर ते दुखणं लवकर ओसरायला हवं. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी कर.

बोटांना सुट्टी देऊ नकोस. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात आणि त्यांचे लांब दोर मनगटातून पुढे जातात. म्हणून बोटं हलली की ते दोर मनगटात सरकते राहतात. अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लाव, मग करंगळीच्या मुळाशी नेऊन बघ. हाताला 27 हाडं आहेत, पण त्यांत मला सगळ्यात देखणा वाटतो तो अंगठ्याच्या बुडाचा खोगिरी सांधा. तो आहे म्हणून सुईत दोरा जातो आणि करंजीला मुरड पडते.

आणि खांदा. मनगट मोडलेल्या बायका खांदा विसरतात आणि दोन महिन्यांनी वेणी घालायला हात वर जात नाही. हात डोक्यावर जातो तेव्हा उखळीच्या सांध्याबरोबर पाठीवरचं त्रिकोणी चपटं हाडही फिरतं, दोन्ही मिळून ते वळण पुरं करतात. भिंतीशी उभी राहून बोटांनी भिंत चढत जा, जमेल तितकी वर, रोज.

शेजारच्या बाईंनी हाडवैद्याचं सुचवलंय म्हणे. कातडी कोरडी पडलीय, तिला हलक्या हाताने तेल लाव, त्याला माझी ना नाही. पण कुणालाही मनगट ओढू किंवा पिळू द्यायचं नाही. नुकती जुळलेली जागा आहे ती. जोराने सांधा सैल होत नाही, उलट सुजतो आणि आणखी आखडतो.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा. हात सुजून लालसर, चकचकीत होणं आणि साध्या स्पर्शाने आग होणं. तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: अंगठा एकाएकी ताठ वर उचलता येईनासा झाला, तर. अंगठा उचलणारा दोर या मोडीला लागून जातो आणि हाड जुळल्यानंतरही काही आठवड्यांनी तो कधीकधी झिजून तुटतो. दुखत नाही म्हणून बायका अंगावर काढतात. तू काढू नकोस.

आता जे मला मनगटापेक्षा जास्त डाचतंय ते. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, तेही साठीनंतर, तर पाय घसरला एवढ्यावर ते सोडून देता येत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, झिजवणाऱ्या पेशी भरणाऱ्यांच्या पुढे जातात आणि आतली जाळी विरळ होते. त्याचं काहीच दुखत नाही. पहिली खूण बहुधा मनगटात दिसते, पुढे मणके आणि खुबा. खुब्याचं मोडणं आपल्या वयात किती महागात पडतं ते तू तुझ्या आत्याबाईंच्या वेळी पाहिलंयस. म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घे. कंबर आणि खुब्याचे क्ष-किरण घेतात, टोचायचं काही नसतं. कागदावर टी-स्कोअर असेल, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या मानाने तुझी हाडं किती भरीव आहेत त्याचा आकडा. तो उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ-ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात आणि त्यावर चांगली औषधं आहेत. सोबत रक्तातलं ड जीवनसत्त्व बघायला सांग. ते कमी असलं तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. नाचणी तुझ्या घरात आहेच, 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम देते. आंबील पुन्हा सुरू कर, दूध-दही टाळू नकोस, पाऊस उघडला की उन्हात चाल. चालणंही भारच आहे, मनगटाला नाही पण खुब्याला आणि मणक्यांना.

मागच्या दारचा धोंडा भावोजींना ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्यायला सांग, आणि न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवून घे. हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

गुडघ्यांचंही विचारलंयस. ते मोठं प्रकरण आहे, रविवारी दुपारी फोन करते तेव्हा बोलू. तोवर तळवा किती वळतो त्याचा सूनबाईकडून समोरून एक फोटो काढून पाठव, कोपर कुशीला लावूनच. डेक्साची तारीख मिळाली की तीही कळव. तपासणीला एकटी जाऊ नकोस, मी एसटीने येईन.

भावोजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझीच,
कुसुम