दादा, तो स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात त्याबद्दल

दादा,

काल सकाळी गाडी धुतली. दारांवर पाणी मारून झालं, फडकं पिळत होते, तेवढ्यात बघते तर दाराखालच्या त्या लांब पट्टीच्या बुडातून, तुम्ही जिला रनिंग बोर्ड म्हणता तिच्यातून, पाणी गळतंय. टप, टप, टप. आधी काळजात धस्सच झालं, दोन वर्षांची सवय आहे ना, गाडीखाली काही ओलं दिसलं की मनात येतंच आता हे काय नवीन. मग एकदम डोक्यात उजेड पडला, अरे हे तर गळायलाच पाहिजे! पाणी जायलाच तर बुडाला ती भोकं आहेत. मग काय, बादली बाजूला सारली आणि तिथेच उकिडवी बसून शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहिले. शेजारच्या काकूंनी विचारलं काही हरवलंय का, त्यांना काय सांगणार कप्पाळ.

तेव्हाच ठरवलं की माझी गंजलेली गाडी तुमच्या गॅरेजमध्ये दुरुस्त केलीत त्याबद्दल आता हे पत्र लिहायचंच. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. तुमची मुलगी मोबाईलवर सगळं वाचते म्हणालात, ती दाखवेल तुम्हाला.

आधी थोडं रडगाणं गाते, चालवून घ्या. माझी गाडी १९ वर्षांची. वरून बघितलं तर वय दिसत नाही, रंग चांगला, इंजिन ठणठणीत, आणि मला तिचा प्रत्येक आवाज ओळखता येतो. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणालं जुन्या गाडीला गंज लागू नये म्हणून खालून काळं कोटिंग करून घ्यावं, म्हणून मी एका चांगल्या चकाचक ठिकाणी गेले. नाव घेत नाही. काचेपलीकडे सोफा, एसी, आणि एक टाय लावलेला मुलगा. मी विचारलं खाली गंज आहे का, मला बघता येईल का, तर तो हसून म्हणाला मॅडम तुम्हाला त्यातलं काय कळणार, तुम्ही निवांत बसा. मी बसले. अर्ध्या दिवसात गाडी हातात. खाली वाकून बघितलं तर सगळं काळंकुळकुळीत, तुकतुकीत, वर वॉरंटीचं कार्ड. खूश होऊन घरी आले मी, खोटं कशाला बोलू.

अर्धा दिवस! आता कळतंय की नुसतं खालून धुऊन सगळे सांधे कोरडे व्हायलाच त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यांनी धुतलं तरी होतं का देव जाणे. पुढचे पंधरा दिवस गाडी तापली की जळक्या डांबराचा वास यायचा, कारण सायलेन्सरवर पण फवारा मारला होता. फोन केला तर नवीन आहे, जाईल. वास गेला हो, बाकीचं आत राहिलं.

मग या वर्षी टायर पंक्चर झाला. जॅक लावला, फिरवायला लागले आणि कर्रर्र असा आवाज आला. गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात वर गेला. मी रस्त्याच्या कडेला एकटी, आणि तो आवाज अजून कानात आहे. त्यानंतर तीन ठिकाणी दाखवली. चकाचक ठिकाणी म्हणे जॅक चुकीच्या जागी लावला असणार, वॉरंटीत बसत नाही. जॅक कंपनीने दिलेल्या खुणेवरच लावला होता, पण बाईमाणसाने लावला म्हणजे चुकलाच असणार, नाही का. दुसरे म्हणाले काही नाही हो, वरून अजून एक हात मारून देतो. तिसऱ्यांनी तर गाडी उचललीसुद्धा नाही, खुर्चीतूनच सांगितलं की फ्लोअर, म्हणजे तळाचा पत्रा, गेला, भंगारात द्या.

तुमच्याकडे आले तेव्हा मी आधीच चिडलेली होते, तुमच्याशी पण जरा तुसडेपणानेच बोलले असेन. तुम्ही त्यावर काही बोललाच नाहीत. दिवा घेऊन खाली गेलात आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत पुढून मागे आलात. टण, टण, टण, आणि मधेच थप. परत टण, टण, थप. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात ना अगदी तसं. बाहेर आलात, हात पुसलेत आणि म्हणालात, गाडी जगणार आहे, पण किती खाल्लंय ते हे काळं काढल्याशिवाय मी सांगणार नाही, उगाच अंदाज कशाला सांगू. दादा, अंदाज न सांगणारा माणूस मला त्या वर्षात पहिल्यांदाच भेटला.

आणि मग दोन दिवसांनी तुमचा फोन आला. ते वाक्य मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. "सगळं खरवडलंय. रंग लावायच्या आधी येऊन बघून जा. एकदा काळं केलं की मग तुम्हाला पण दिसणार नाही आणि मला पण."

मला वाटलं बाहेरून वाकून दाखवाल. आले तर गाडी चार स्टँडवर, चाकं काढलेली, आणि खाली एक स्वच्छ धुतलेली ताडपत्री अंथरलेली. माझ्यासाठी! तुम्ही आधी गाडीला हाताने चांगले दोन हिसके देऊन दाखवलेत की हलत नाही, म्हणालात नुसत्या जॅकवर कधी खाली जायचं नाही, मी पण जात नाही. मग तुमचा गॉगल काढून शर्टाच्या बाहीला पुसला आणि मला दिलात. मी खाली सरकले, ओढणी कशीबशी कोंबून, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीचं पोट बघितलं. १९ वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही बाजूला आडवे झालात, दिवा धरलात, आणि तो स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात. म्हणालात, तुम्हीच टोचून बघा.

एवढंच. बाकी काही तुम्ही विसरलात तरी चालेल, पण हे मला सांगायचंय की त्या तीन शब्दांनी माझं काय झालं. दोन वर्षं मला सगळे सांगत होते तुम्हाला काय कळणार, आणि तुम्ही अवजारच हातात दिलंत. मी सीटखालच्या भागाला टोचलं, कडक, टक्क असा आवाज, पत्रा पक्का. जरा पुढे, तिथेही पक्का. मग पुढच्या चाकामागच्या कोपऱ्यात टोचलं आणि टोक असं आत गेलं जसं भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं. काढलं तर त्या भोकातून गार, तांबडं गढूळ पाणी आलं आणि मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळलं. किती आठवड्यांचं पाणी होतं ते कोण जाणे. मी घाबरून म्हटलं अरे देवा मी भोक पाडलं. तर तुम्ही शांतपणे म्हणालात, तुम्ही नाही पाडलं ताई, होतंच ते, झाकलेलं होतं.

मला तिथे गाडीखाली रडू आलं दादा. गॉगल होता म्हणून तुम्हाला दिसलं नसेल.

मग तुम्ही ते खरवडून काढलेले काळे पापुद्रे दाखवलेत, हातभर लांबीचे, वरून गुळगुळीत आणि आतल्या बाजूने गंजाची खपली आणि ओली माती चिकटलेली. ओल्या मातीवर आणि गंजावरच फासलं होतं त्यांनी. तुम्ही सांगितलंत की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, म्हणून वरचा थर आतूनच उचलला जातो, मग फटीतून पाणी शिरतं आणि त्या जाड थरामुळे ते वाळतच नाही, म्हणजे काही लावलंच नसतं तर पत्रा निदान अधूनमधून वाळला तरी असता. वर त्या शहाण्यांनी रनिंग बोर्डची भोकं पण बुजवलेली. वरून काचेच्या रबरातून, दारातून पाणी येणारच, ते खालून जाण्यासाठी कंपनीने ठेवलेली वाट बंद केली की ती पट्टी म्हणजे पाण्याची टाकीच की. आणि जॅक नेमका तिथेच लागतो.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहितीये? ब्रेकच्या पाईपचा. तुम्ही मागच्या चाकाकडे जाणारा तो बारका लोखंडी पाईप फडक्याने पुसून दाखवलात, त्यावरचं डांबर निघालं तेव्हा खाली सगळा खड्डे पडलेला, टवके उडालेला. म्हणालात, याला रंगबिंग काही नाही, हा बदलायचाच. त्याच्यावर त्यांनी काळं फासून मला वॉरंटीचं कार्ड दिलं होतं. घाटात, गर्दीत, मी तीच गाडी चालवत होते, आईला मागे बसवून.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही, तुम्ही तुमचं काम मला शिकवायला बसला नव्हतात, मीच मधे मधे येऊन डोकावायचे. सडलेला पत्रा कापलात, नवा वेल्ड केलात, तारेच्या ब्रशने घासून घासून जिथे लोखंड लकाकायला पाहिजे तिथे लकाकेपर्यंत थांबला नाहीत, आणि सांध्यात जिथे ब्रश पोचत नाही तिथे ते गंज काळा करणारं औषध लावलंत. मग रंगाखाली इपॉक्सी प्रायमरचा थर. मी विचारलं साधा प्रायमर का नाही, तर म्हणालात साधा पाणी पितो. मग सांध्यांच्या फटी बुजवायला सीलर, त्यावर रंग, पोकळ भागात मेण. मधे दोन दिवस हवा दमट म्हणून रंग लावलाच नाहीत आणि तसं फोन करून कळवलंत. उशीर होणार हे आधी फोन करून सांगणारं गॅरेज! मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणे थापा मारू नकोस.

पण त्या काड्या मी विसरणार नाही. रंग मारायच्या आधी तुम्ही रबरी बुश, ब्रेकच्या रबरी नळ्या, सायलेन्सरवरचा सेन्सर सगळं पेपर आणि टेपने गुंडाळलंत ते ठीक, पण पाणी जायच्या प्रत्येक भोकात एक एक लाकडी काडी खोचून ठेवली होतीत. मोजून १४. रंग सुकल्यावर मोजून काढल्या, १३ निघाल्या, आणि चौदावी सापडेपर्यंत तुम्ही गाडी दिली नाहीत! मी म्हणत होते जाऊ द्या हो दादा, एका काडीने काय होतंय. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. मागच्या चाकाच्या कमानीत सापडली ती, रंगात बुडालेली.

शिंपी असतो ना एखादा, आतली शिवण पण बाहेरच्यासारखी घालणारा, तसे तुम्ही. मी असा विचार करते की गाडीखाली कोण बघणार, मी तर १९ वर्षांत बघितलं नव्हतं. तुम्ही पण काळं फासून दिलं असतं तर मला काय कळणार होतं? काही नाही. मी पैसे देऊन, थँक्यू म्हणून, आनंदात घरी गेले असते, मागच्या वेळी गेले होते तशीच. तुम्हाला अडवणारं तिथे कोणी नव्हतं. माझी आई म्हणते अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, मी एरवी तिच्या या वाक्याला हसते, यावेळी गप्प बसले.

त्या चकाचक ठिकाणी मी परत गेले होते बरं का, हे तुम्हाला सांगितलं नाही. भांडायला नाही, फक्त तो हातभर पापुद्रा पिशवीतून नेला आणि काउंटरवर ठेवला, मातीसकट. टायवाल्याने विचारलं मॅडम हे काय आहे. मी म्हटलं तुमची वॉरंटी. काही झालं नाही, पैसे वगैरे काही मिळाले नाहीत, पण फार बरं वाटलं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आता महिन्यातून एकदा बारीक तार घेऊन भोकं मोकळी करते, आणि चिखलातून आले की चाकांच्या कमानीत आतून पाणी मारते. पाऊस संपला की एकदा दाखवायला आणा म्हणालात, आणते नक्की. आणि हो, त्या दिवशी गडबडीत तुमचा गॉगल माझ्याच पर्समध्ये आला, काल फडकं शोधताना सापडला. बाहीला पुसल्याची रेघ अजून आहे त्यावर. गाडी दाखवायला आणेन तेव्हाच परत देते.

तुमची,
१९ वर्षांच्या गाडीवाल्या ताई