फ्रीजर नको, आधी प्रत काढा

महोदय,

हार्डडिस्क मरायला टेकली की ती पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हा सल्ला मात्र काही केल्या मरत नाही. फार जुन्या डिस्कमध्ये थंडीने धातू आकसून अडकलेला भाग क्वचित सुटत असे. आजच्या डिस्कमध्ये माहिती वाचणारे-लिहिणारे हेड आणि ती जिच्यावर असते ती चकती यांच्यात जेमतेम काही नॅनोमीटर अंतर असते. झाकणावरच्या ‘बंद करू नका’ असे लिहिलेल्या बारीक छिद्रातून दमट हवा आत शिरते, गार चकतीवर दव धरते, आणि मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेणाऱ्या चकतीवर हेड त्या दवावर आदळते. डिस्कवर टिचक्या मारणे, ती आपटणे हेही त्याच जातीचे उपाय.

डिस्क ओळखली जाते, पण फाइल उघडताना अडकते, अशा वेळी बहुतेकांचा हात चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क-दुरुस्तीच्या प्रोग्रॅमकडे जातो. तो डिस्कवर लिहितो, दुरुस्तीच्या नावाखाली फाइलींच्या नोंदी बदलतो आणि दमलेल्या हेडला आणखी पळवतो. विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ विचारले, तर ‘नाही’. आधी ‘स्मार्ट’च्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या, नोंदी पाहाव्यात. ५, १९७ किंवा १९८ क्रमांकाचे आकडे वाढत असतील तर चकतीचा पृष्ठभाग बिघडतो आहे. फक्त १९९ वाढत असेल तर बहुधा केबल बदलून भागते.

पृष्ठभाग बिघडला असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू या बिघडत्या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने सगळ्या डिस्कची प्रत काढावी. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नसावी. प्रत एका फाइलमध्ये घ्यायची तर नवी डिस्क फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, तिथे एक फाइल ४ जीबीपुढे जात नाही. पहिल्या फेरीत डीडीरेस्क्यूला ‘एन’ (-n) हा पर्याय द्यावा, म्हणजे अवघड जागेवर घासत न बसता चांगला भाग आधी हाती लागतो. मग उरलेल्या जागांवर तीन वेळा पुन्हा प्रयत्न. कुठवर प्रत झाली याची नोंद ठेवणारी नकाशाची फाइल दर वेळी तीच द्यावी, नाहीतर गाडी पुन्हा पहिल्या सेक्टरपासून. आणि स्रोत कोणता, लक्ष्य कोणते, हे सीरियल क्रमांक वाचून ठरवावे. उलटापालट झाली तर चांगली रिकामी डिस्क वाईट डिस्कवर उतरते. पुसलेल्या फाइली शोधणे वगैरे जे करायचे ते त्या प्रतीवर.

डिस्क अजिबात फिरत नसेल तर दोष कधी कधी फक्त डिस्कच्या खालच्या सर्किट बोर्डाचा असतो. बाह्य डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला की १२ व्होल्टच्या वाटेवरचा संरक्षक डायोड शॉर्ट होतो. मल्टिमीटर तिथे जवळपास शून्य ओहम दाखवतो. तो डायोड काढला की अनेकदा डिस्क फिरू लागते. मात्र आता संरक्षण नाही, म्हणून योग्य अडॅप्टर लावून ताबडतोब प्रत. बोर्ड उलटा केल्यावर हेडकडे जाणारे काळवंडलेले सपाट ठिपके दिसले तर मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत. तसाच दुसरा बोर्ड आणून बसवला, एवढ्याने मात्र आता भागत नाही. त्या एका डिस्कच्या हेडची मापे आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये असतात, ती जुन्या बोर्डावरून उचलून नव्यावर डागावी लागते. काही बोर्डांत ती मुख्य चिपच्या पोटातच असते, तिथे हे घरचे काम नव्हे.

ठराविक अंतराने टक्-टक् ऐकू येत असेल तर वीज लगेच तोडावी. हेड बहुधा गेलेले असते, आणि प्रत्येक फेरीत ते चकतीवरचा लेप खरवडत असू शकते. तिथे डीडीरेस्क्यूही नको.

– एक वाचक