‘तांत्रिक बिघाड’ नव्हे, आमची चूक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एकाच खुर्चीचं तिकीट दोघांना विकलं गेलं की ‘तांत्रिक बिघाडामुळे’ असं छापून येतं. मी वीस वर्षं जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅमिंग करते आहे. हा शब्द वाचला की मला गप्प बसवत नाही, कारण अशी एक खुर्ची मी स्वतः दोनदा विकली आहे.

२००९ साली पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. रविवारच्या प्रयोगाला जी-१४ वर दोघांनी हक्क सांगितला. दोघांकडे छापील तिकीट, दोघांचेही पैसे घेतलेले. शेवटी एका आजोबांना प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बाजूला बसवलं. तिथून त्यांना अर्धाच रंगमंच दिसत होता.

सोमवारी कोड उघडला. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, एररची एक ओळ नाही. कोणती खुर्ची कुणाच्या नावावर, ही यादी ठेवायला आम्ही साधा हॅशमॅप वापरला नव्हता; थ्रेड-सेफ, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांनी (थ्रेडनी) हात लावला तरी न बिघडणारा, म्हणून मुद्दाम कॉन्करंट हॅशमॅप घेतला होता. तरीही हे झालं. ‘कंटेन्स-की’नं विचारायचं, खुर्ची गेली आहे का? नसेल तर ‘पुट’नं नाव लिहायचं. दोन्ही ओळी आपापल्या जागी सुरक्षित होत्या, पण त्यांच्या मधली फट उघडी होती. एका थ्रेडला उत्तर मिळालं, रिकामी. तो नाव लिहिणार तेवढ्यात दुसऱ्यानं विचारलं, त्यालाही रिकामी. दुसऱ्यानं लिहिलेल्या नावानं पहिलं नाव पुसलं गेलं. मॅपमध्ये एकच नाव, आणि बाहेर तिकिटं दोन.

उपाय एका ओळीचा होता. विचारणं आणि लिहिणं एकाच दमात करणारं ‘पुट-इफ-अॅबसेंट’ तिथंच होतं; संगणकशास्त्रज्ञ डग ली यांच्या पुढाकारानं तयार झालेल्या कॉन्करंट पॅकेजबरोबर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांसाठीच्या तयार कोडच्या संचाबरोबर) २००४ च्या जावा ५ मध्येच ते आलं होतं. खुर्ची आधी कुणी घेतली असेल तर ते त्याचं नाव परत देतं, आपल्याला मिळाली तर नल, म्हणजे ‘आधी काही नव्हतं’. ते आम्ही वापरलं नव्हतं. (सर्व्हर एकाहून जास्त असले की तेही पुरत नाही, डेटाबेसमध्येच एका खुर्चीची दुसरी नोंद नाकारणारा नियम, यूनिक कन्स्ट्रेंट, लावावा लागतो.)

नाट्यगृहाच्या खिडकीवरचा कागदी प्लॅन ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटकन कळेल. प्लॅन एकच, पेन्सिल एकाच्या हातात. तो चौकोनावर बोट ठेवायचा आणि बोट न उचलता फुली मारायचा. जावातलं जुनं हॅशटेबल (तशीच एक यादी) म्हणजे अख्खा प्लॅन एकानंच धरून ठेवणं. दुसऱ्याला नुसतं बघायचं असलं तरी थांबावं लागतं. जावा ५ च्या कॉन्करंट हॅशमॅपनं त्याच प्लॅनचे, वेगळं सांगितलं नाही तर, सोळा तुकडे केले, प्रत्येकाला वेगळं कुलूप. २०१४ च्या जावा ८ पासून कुलूप त्याहून बारीक झालं, एकेका कप्प्यापुरतं. पण कुलूप कितीही चांगलं असलं तरी बोट मध्येच उचललं तर खुर्ची दोनदा जाणारच.

आज मी मुलाखती घेते. ‘हॅशटेबल सिंक्रोनाइझ्ड (एका वेळी एकालाच हात लावू देणारं) असतं, हॅशमॅप नसतो’ हे सगळ्यांना पाठ असतं. वरच्या दोन ओळी कागदावर लिहून ‘यात काय बिघडेल?’ विचारलं की बहुतेक जण म्हणतात, ‘मॅडम, हा तर थ्रेड-सेफ आहे.’ हुशार मुलं आहेत ही. ती फट त्यांना कुणी दाखवलेलीच नसते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे की हे फळ्यावर शिकवू नका, प्रयोगशाळेत मोडून दाखवा. दोन थ्रेडना एकाच अॅरेलिस्टमध्ये (साध्या यादीत) एकेक लाख आकडे भरायला सांगा. दोन लाख भरायला हवेत. भरतात कमी, आणि दर वेळी वेगळे. कधी प्रोग्रॅम मध्येच कोसळतो. मग कॉन्करंट हॅशमॅप घेऊन ‘गेट’नं आधीचा आकडा वाचणं, अधिक एक, ‘पुट’ अशी मोजणी करायला लावा. तीही कमी भरते. हे पाहताना मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. नंतर हे तिन्ही एकाच दमात करणारं ‘मर्ज’ वापरलं आणि आकडा बरोबर दोन लाख आला की पुन्हा काही सांगावं लागत नाही.

कुणाला हे प्रात्यक्षिक घ्यायचं असेल तर कुठल्याही शनिवारी मी यायला तयार आहे. मानधन नको. दोन तास आणि एक प्रोजेक्टर पुरे, लॅपटॉप माझा मी आणेन.

आपली,
एक प्रोग्रॅमर, कोथरूड, पुणे